आमची बैठक : थोडी राख, चिमूटभर हळद

मैत्रिणींनो, 'दिवाणखाना' हा शब्द मला फार आवडतो, पण आमच्या घराला तो काही शोभत नाही. यवतमाळला आम्ही राहतो त्या भाड्याच्या घरात शिरल्याबरोबर जी दहा फूट बाय अकरा फुटांची खोली लागते, तिला आम्ही वऱ्हाडातली मंडळी आपली सरळ 'बैठक' म्हणतो. सकाळी आमच्या 'ह्यां'चा चहा आणि पेपर तिथेच, दुपारी शाळेतून आल्यावर माझ्या शिकवणीची आठ मुलं तिथेच, संध्याकाळी लेकाचा अभ्यास तिथेच, आणि पाहुणे मुक्कामाला आले की त्यांच्या गाद्याही तिथेच! एवढ्याशा खोलीने किती म्हणून करावं?

त्यातून खिडकी एकच. आणि आपल्याकडचा उन्हाळा तुम्हाला माहीतच आहे. पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकला की त्या एकुलत्या एका खिडकीत कूलर बसतो, आणि मार्चपासून पावसाची पहिली सर येईपर्यंत खोलीत उजेड येतो तो फक्त दारातून. वस्तू म्हणाल तर एकीचं दुसरीशी जमेना. लग्नातला मरून सोफा, हिरवे पडदे, निळ्या फुलांचं टेबलक्लॉथ, शोकेसमध्ये प्लॅस्टिकचे गुलाब, आणि भिंतीवर तीन दुकानांची तीन कॅलेंडरं. एकेक वस्तू घेतली तेव्हा छानच वाटली होती. सगळ्या मिळून मात्र बाजाराच्या दिवसासारखा गलका करायच्या.

एका मैत्रिणीच्या नव्या फ्लॅटमध्ये मी राखाडी आणि पिवळ्या रंगाची बैठक पाहिली आणि मनात भरली. राखाडी सोफा, राखाडी पडदे, मधूनच दोन पिवळ्या उशा. डोळ्यांना कसं शांत वाटलं, आणि तरी उदास नाही. घरी येऊन हिशोब मांडला. तयार पडदे, अभ्रे, गालिचा, दिवा असं सगळं घ्यायचं तर माझा शाळेचा दोन महिन्यांचा पगार गेला असता. अर्धवेळ शिक्षिकेचा पगार तो केवढा! त्या वर्षी गावाकडच्या आमच्या शेतात कापूस वेचणीला आला असताना अवकाळी पाऊस झाला होता. मक्त्याने शेत करणाऱ्याने पैसे उशिरा देईन म्हणून सांगितलं होतं. अशा वेळी उशांवर खर्च करायचा म्हणजे मनाला टोचतंच हो.

म्हणून ठरवलं, घरात आहे त्यातूनच करायचं. ते कसं जमलं ते सांगण्यासाठीच हा लेख. पण आधी घरातला विरोध सांगायला हवा, कारण खरी अडचण पैशांची नव्हतीच.

'लोकायनं देल्ला हा रंग'

एके दिवशी जेवताना मी सासूबाईंना म्हटलं, "आई, बैठकीत आता राखाडी रंग करायचा विचार आहे. पडदे, अभ्रे, सगळं. आणि थोडा पिवळा."

सासूबाई दारव्हा तालुक्यातल्या खेड्यात साठ वर्षं राहिलेल्या. मामंजी गेले तेव्हापासून आमच्याकडे असतात. त्या लगेच म्हणाल्या, "राख का घर सजवाले असते का वं?"

मला वाटलं, राख अशुभ म्हणून म्हणत असतील. मी हसून म्हटलं, "अहो आई, हल्ली फॅशन आहे."

त्यांनी पदराचं टोक हातात धरलं. मामंजी गेल्यापासून त्या फिक्या करड्या रंगाचीच लुगडी नेसतात. म्हणाल्या, "हा पाय माह्या लुगड्याचा रंग. लोकायनं देल्ला मले. तू काऊन घेतं हौसेनं?"

माझा घास हातातच राहिला. मी ज्याला शांत आणि मोठ्या घरातला रंग म्हणत होते, तो त्यांच्या वाट्याला तीन वर्षांपासून शिक्षा म्हणून आला होता. आणि ज्या पिवळ्याची मी 'दोन उशा' म्हणून गंमत करत होते, तो तर त्यांच्यापासून काढूनच घेतलेला. पिवळा म्हणजे हळद ना! आमच्या घरी संक्रांतीचं हळदीकुंकू असलं की बायका बैठकीत आणि सासूबाई आतल्या खोलीत बाजेवर, हे मी तीन वर्षं पाहत होते. कुणी त्यांना आत जा म्हणत नव्हतं. त्या आपणहून जात. आणि मी? मी 'बरं' म्हणून पानसुपारीच्या तयारीला लागत असे.

त्या दिवशी विषय तिथेच थांबला.

ही जोडी आली कुठून?

राखाडी-पिवळ्याची ही जोडी अलीकडे सगळीकडे दिसू लागली, त्यालाही एक निमित्त आहे. पॅन्टोन नावाची एक अमेरिकन कंपनी दरवर्षी 'वर्षाचा रंग' जाहीर करते आणि कपडे, पडदे, रंग बनवणारे कारखाने तिच्याकडे लक्ष ठेवून असतात. डिसेंबर २०२० मध्ये तिने २०२१ सालासाठी एकाऐवजी दोन रंग निवडले, एक दगडासारखा राखाडी आणि एक उजळ पिवळा. त्याआधी दोन रंग एकदम निवडण्याचा प्रकार एकदाच, २०१६ साली झाला होता. करोनाने जग टेकीला आलं होतं. राखाडी म्हणजे टिकून राहणं आणि पिवळा म्हणजे आशा, असा त्यांचा त्यामागचा विचार होता.

पण खरं सांगू का, ही जोडी बघायला आपल्याला अमेरिकेकडे पाहायची गरजच नाही. एप्रिल-मे महिन्यात यवतमाळहून कुठल्याही रस्त्याने बाहेर पडा. पानगळ होऊन टेकड्या राखेसारख्या झालेल्या असतात, काळे दगड उन्हाने करडे दिसतात, आणि मधेच एखादा बहावा पिवळ्याजर्द घोसांनी लगडलेला. सगळंच रान पिवळं असतं तर त्या बहाव्याकडे कुणी वळूनही पाहिलं नसतं. या रंगसंगतीचं सगळं गमक यातच आहे, राखाडी भरपूर आणि पिवळा मोजका. वरणात हळद घालतो तशी! चिमूटभर घातली तर वरणाला रंग येतो, मूठभर घातली तर ते खाववत नाही.

प्रमाण आणि उजेड

सजावटकार मंडळी साठ-तीस-दहा असं प्रमाण सांगतात. खोलीतला साठ टक्के भाग एका फिक्या रंगाचा, तीस टक्के दुसऱ्या रंगाचा आणि दहा टक्के उठावाचा. लहान खोलीत साठ टक्के म्हणजे भिंती आणि छत. ते पांढरे किंवा किंचित दुधाळच ठेवावेत. राखाडी भिंती मोठ्या खोलीत, मोठ्या खिडक्यांशेजारी शोभतात, आमच्यासारख्या एका खिडकीच्या खोलीत त्यांनी कोंडल्यासारखं होतं. स्वतःचं घर असेल तर चुन्याचा हात द्या, स्वस्तही पडतो आणि उजेडही फेकतो. आपल्या वणी तालुक्यातलं राजूर तर चुनखडीसाठी ओळखलंच जातं. चुन्यात चिमूटभर पिवडी घातली तर पांढऱ्याचा भगभगीतपणा जातो. आमचं घर भाड्याचं, त्यामुळे मालकांनी दिलेला दुधाळ डिस्टेंपरच मी ठेवला. फक्त खिळ्यांची भोकं बुजवून भिंती पुसून घेतल्या.

तीस टक्के राखाडी म्हणजे पडदे, दिवाणावरची चादर, उशांचे बरेचसे अभ्रे. दहा टक्के पिवळा म्हणजे दोन उशा, टेबलाच्या कापडाची किनार आणि एखादं फुलपात्र. बस्स. त्यापुढे हात आवरावा.

आता राखाडीही एक नसतो बरं का. एक निळसर झाकेचा, पावसाळी आभाळासारखा. दुसरा पिवळट झाकेचा, चुलीतल्या थंड राखेसारखा. कमी उजेडाच्या खोलीत निळसर राखाडी फार उदास दिसतो, म्हणून आपण दुसरा निवडावा. कापड घेताना दुकानातल्या दिव्याखाली पाहून फसू नका. हातभर तुकडा आणून खोलीत दिवसभर टांगून ठेवा आणि सकाळी, दुपारी, रात्री दिवा लावल्यावर असा तीनदा पाहा.

दिव्यावरून आठवलं. आपल्याकडे बहुतेक घरांत पांढऱ्याफटक उजेडाचा एलईडी दिवा असतो. त्याखाली राखाडी निळा पडतो आणि पिवळा आजारी दिसतो. खोक्यावर 'वॉर्म व्हाइट' किंवा २७०० ते ३००० केल्व्हिन असं लिहिलेला दिवा घ्या. मुलांच्या अभ्यासाला पांढरा उजेड लागत असेल तर तो वेगळा ठेवा, टेबलावर. मी एवढा एक दिवा बदलला आणि काहीही न शिवता निम्मी खोली पालटली!

मामंजींची धोतरं

कापड आणायचं कुठून, या विचारात दोन आठवडे गेले. दिवाळीनंतरची आवराआवर चालली होती. सासूबाई मागच्या अंगणात पितळी घागर घासत बसल्या होत्या. गॅस आला तरी आमच्याकडे पाणी तापवायला बंब आहे, त्याची राख त्या डब्यात साठवतात. चिंचेचा कोळ लावून वरून राखेचा हात फिरवत होत्या. घागर काळपट होती ती हळूहळू उजळायला लागली. मी शेजारी भांडी विसळत होते. त्या माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "राख लागल्याबिगर पितळ पिवळं नाई होत."

पुढे त्याच बोलत गेल्या. तुरीच्या, मुगाच्या डब्यात कीड लागू नये म्हणून राख कशी घालत, होळीची राख कपाळाला कशी लावत, बाळंतिणीच्या खोलीच्या दाराशी राख कशी ठेवत. राख वाईट नव्हतीच. कुणाला काय सक्तीने नेसायला लावलं, ते वाईट होतं. हे त्यांनी असं शब्दांत सांगितलं नाही, मीच त्या दिवशी समजले.

हात धुऊन त्या आत गेल्या आणि त्यांची पत्र्याची पेटी उघडली. तिच्यात मामंजींची चार धोतरं होती. धुऊन, घडी करून, कडुनिंबाचा पाला घालून ठेवलेली. "घे," म्हणाल्या. "पेटीत ठेवून का करू? कसर खाईन." मी म्हटलं, "आई, राहू द्या ना आठवण म्हणून." तर म्हणाल्या, "मनून तं देतो. बैठकीत राहीन तं दिसन तरी."

असा आमच्या बैठकीचा राखाडी रंग ठरला.

एकाच हिरड्यातून दोन रंग

धोतरं पांढरी, तेव्हा ती रंगवणं आलं. बाजारातली रंगाची पुडी आणणार होते, पण लहानपणी माझ्या आजीला हिरड्याने कापड रंगवताना पाहिलेलं आठवलं. थोडं वाचलं, थोडं विचारलं, आणि एका जुन्या पंचावर प्रयोग करून पाहिला. हिरड्याची गंमत अशी की तो एकटा फिका पिवळसर रंग देतो, तुरटीबरोबर तो पिवळा टिकतो, आणि लोखंडाशी गाठ पडली की तोच राखाडी होतो, जास्त लोखंडाने काळाही. जुने रंगारी काळ्या रंगासाठी गंजलेलं लोखंड आणि गूळ पाण्यात मुरवत, ते याचसाठी. आमच्या दोन्ही रंगांची आई एकच निघाली!

पिवळ्यासाठी मी दसरा-दिवाळीच्या तोरणांतला झेंडू घेतला. नाहीतरी ती फुलं आपण फेकतोच. पाकळ्या सावलीत वाळवून पिशवीत भरून ठेवल्या.

अर्धा किलो सुती कापडाचं प्रमाण देते.

लोखंडाचं पाणी : मूठभर गंजके खिळे, शंभर ग्रॅम गूळ आणि दोन लिटर पाणी प्लॅस्टिकच्या बादलीत झाकण सैल ठेवून पंधरा दिवस ठेवावं. वास येतो, म्हणून अंगणात ठेवा आणि मुलांच्या हाती लागू देऊ नका.

धुणं : कापड धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात अर्धा तास उकळून स्वच्छ धुवावं. नव्या कापडातली खळ निघाली नाही तर रंग डागाडागांनी बसतो.

हिरडा : शंभर ग्रॅम हिरड्याची पूड गरम पाण्यात रात्रभर भिजवून गाळावी. त्यात सात-आठ लिटर पाणी घालून ओलं कापड दोन-तीन तास बुडवून ठेवावं. मग न धुता पिळून सावलीत वाळवावं.

राखाडीसाठी : मोठ्या बादलीत साधं पाणी घेऊन त्यात लोखंडाचं पाणी एक वाटी घालावं. कापड ओलं करून बुडवावं आणि पाच मिनिटं सारखं हलवत राहावं. रंग डोळ्यांदेखत चढतो. कमी वाटला तर आणखी अर्धी वाटी घाला, पण एकदम ओतू नका. लोखंड जास्त झालं तर रंग काळा तर होतोच, पण कापडही लवकर विरतं. लगेच दोन-तीन पाण्यांतून धुवावं.

पिवळ्यासाठी : हिरडा दिलेलं कापड पंचाहत्तर ग्रॅम तुरटी विरघळवलेल्या कोमट पाण्यात रात्रभर ठेवावं. सकाळी एक किलो ताजा झेंडू, किंवा दीडशे-दोनशे ग्रॅम वाळलेल्या पाकळ्या, पाऊण तास उकळून गाळावं. त्या पाण्यात कापड मंद आचेवर पाऊण तास ठेवावं, तिथेच थंड होऊ द्यावं, मग धुऊन सावलीत वाळवावं. यासाठी भांडं स्टीलचं घ्या. लोखंडी कढईत केलंत तर पिवळा मळकट होईल.

रंगवायची भांडी स्वयंपाकात पुन्हा वापरू नयेत, आणि हिरड्याची पूड चाळताना नाकाला रुमाल बांधावा.

तुम्ही म्हणाल, पिवळ्यासाठी घरची हळद काय वाईट? मीही आधी तेच केलं. हळद चटकन चढते आणि सुंदर दिसते, पण उन्हाने उडते, आणि साबण लागला की लाल पडते. साडीवर वरणाचा डाग पडला की साबणाने लाल होतो, तो अनुभव आपल्या सगळ्यांना आहेच. झेंडूचा रंग त्या मानाने टिकतो. तरी पिवळं कापड खिडकीत लावू नये. आपलं वैशाखाचं ऊन कुणाचीच भीड ठेवत नाही. आणि एक लक्षात ठेवा, या राखाडीवर लिंबाचं सरबत सांडलं तर तिथे फिका डाग पडतो. पाहुण्यांच्या हातात पेला देताना खाली बशी द्या!

काय काय झालं, काय काय काढलं

दोन धोतरांचे पडदे झाले. पातळ असल्याने उजेड अडत नाही. पडद्याची दांडी मी खिडकीच्या चौकटीवर न लावता छतापासून वीतभर खाली लावून घेतली आणि पडदे जमिनीपर्यंत सोडले. त्याने खोली उंच दिसते. कूलर लागतो तेव्हा पडदे त्याच्या दोन्ही बाजूंना बांधून ठेवायचे. तिसऱ्या धोतराचे तीन अभ्रे आणि टेबलाचं कापड. चौथं झेंडूत रंगवलं. त्यातून दोन अभ्रे आणि टेबलाच्या कापडाची किनार निघाली. उशांत भरायला जुनी गादी उसवून कापूस पिंजून घेतला. कापसाच्या मुलखात राहून उशीत फोम कशाला भरायचा?

मरून सोफा भावाच्या घरी गेला आणि त्या जागी आतल्या खोलीतला लाकडी दिवाण आणला. दिवाणाखाली मोकळी जागा दिसते म्हणून खोली मोठी वाटते, वर चार माणसं बसतात, आणि खाली पाहुण्यांच्या गाद्या सरकवता येतात. त्याच्यावर नवी सोलापुरी चादर टाकली, करड्या रंगाची. ही एकच मोठी खरेदी. तीन कॅलेंडरांपैकी दोन उतरवली. शोकेसमधल्या गुलाबांना निरोप दिला आणि तिथे राखेने घासलेला पितळी तांब्या ठेवला. पितळ हाही आपला पिवळाच, आणि तो घरात असतोच! आरसा खिडकीसमोरच्या भिंतीवर नेला, म्हणजे येईल तेवढा उजेड दुप्पट होतो.

वस्तू काढताना जीव तुटतो हे खरं. तेव्हा मला सेवाग्रामची आठवण आली. आमच्या शाळेची सहल शेजारच्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामला गेली होती. गांधीजी १९३६ साली तिथे राहायला आले. बापू कुटी तुमच्यापैकी अनेकींनी पाहिली असेल. सारवलेली जमीन, चटई, बसून लिहायचं बुटकं मेज, आणि भिंतीवर मीराबेननी मातीतच उठवलेली ताडाची झाडं आणि चरखा. देशभरातली माणसं तिथे येऊन बसून गेली, पण जागा अपुरी आहे असं त्या खोलीत शिरल्यावर वाटत नाही. माझी एक विद्यार्थिनी तेव्हा म्हणाली होती, "मॅडम, इथं काहीच नाही, तरी छान वाटतं." काहीच नाही म्हणूनच वाटतं, बाळा!

खर्चाचा हिशोब विचाराल तर चादर, एक दिवा, हिरडा-तुरटी, कापूस पिंजणावळ आणि शिलाईचा दोरा मिळून अठराशे रुपये झाले. शिलाई घरच्या मशीनवर. तयार वस्तू घेतल्या असत्या तर याच्या चार-पाच पट गेले असते.

हळदीकुंकू

बैठक तयार झाली आणि संक्रांत आली. रथसप्तमीच्या आतला एक दिवस ठरवून मी आळीतल्या वीस-बावीस बायकांना बोलावलं. दुपारपासून मनात एकच चाललं होतं.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने ग्रामसभेत ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा यापुढे गावात पाळायच्या नाहीत. त्याच महिन्याच्या १७ तारखेला महाराष्ट्र शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीही हाच कित्ता गिरवावा असं सांगितलं. ती बातमी मी शाळेत मुलींना वाचून दाखवली होती, चांगलं दहा मिनिटं बोललेही होते. आणि त्याच जानेवारीत माझ्या घरी सासूबाई आतल्या बाजेवर बसल्या होत्या. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कर्जापायी नवरा गमावलेल्या तरुण बायका कितीतरी गावांत आहेत. वर्गात बोलणं सोपं असतं मैत्रिणींनो, आपल्या बैठकीत करणं कठीण.

पाच वाजता बायका यायला लागल्या. सासूबाई नेहमीप्रमाणे उठल्या. मी म्हटलं, "आई, कुठे चाललात? दिवाणाच्या कोपऱ्यात बसा. पडदे कुणी रंगवले म्हणून विचारतील त्या, मला नाही नीट सांगता येणार."

त्या थबकल्या. मग पिवळ्या उशीला टेकून बसल्या. म्हणजे आधी उशी बाजूला सारली, आणि मग काय वाटलं कोण जाणे, परत ओढून घेतली.

बायका आल्या, पडद्यांना हात लावून पाहू लागल्या. "हा रंग कुठे मिळाला हो?" "सासूबाईंना विचारा." मग काय! हिरडा, खिळे, गूळ, सगळं त्यांनी साग्रसंगीत सांगितलं. एकजण तर वहीच मागायला लागली. हळदीकुंकवाची वेळ झाली तेव्हा मी करंडा घेऊन पहिल्यांदा त्यांच्यापुढे गेले. खोलीत एकदम शांतता झाली. शेजारच्या काकूंनी मान खाली घातली. कुणाला आवडलं नसेल तर तसंही असेल, मी खोटं सांगणार नाही.

सासूबाईंनी माझा हात धरला. हळू आवाजात म्हणाल्या, "कुंकू राहू दे. हळद लाव."

मी हळद लावली. त्यांनी डोळे मिटले, उघडले, आणि तिळगुळाची वाटी स्वतःच उचलून सगळ्यांना वाटायला लागल्या. मागून एक आवाज आला, "मलाही लाव गं." आमच्या गल्लीतल्या पोस्टातल्या बाई. त्यांचे यजमान जाऊन सात वर्षं झाली. कधीच हळदीकुंकवाला येत नसत, त्या दिवशी पडदे पाहायला म्हणून दारात उभ्या होत्या.

काकू मात्र वाण न घेताच गेल्या. आठ दिवस बोलल्या नाहीत. मग एके दुपारी वाटीभर हिरडा मागायला आल्या. त्यावर आमच्यात काही बोलणं झालं नाही, मी हिरडा दिला.

जाता जाता

खोली लहान असली की आपण वस्तूंची चिंता करतो. ही मावेल का, ती कुठे ठेवू? मी बैठक सजवायला घेतली आणि माझ्या लक्षात आलं की माझ्या दहा बाय अकराच्या खोलीत सगळ्या वस्तू मावत होत्या, एक माणूस तेवढं मावत नव्हतं. तेव्हा पडदे मोजायच्या आधी एवढं मोजा, की घरातलं प्रत्येक माणूस या खोलीत केव्हा आणि कुठे बसतं. कुणाची जागा निघत नसेल तर आधी ती काढा, उशा मागाहून.

उन्हाळ्यानंतर आमच्या पिवळ्या उशांपैकी दाराजवळची थोडी उडाली. मी म्हटलं, नवीन अभ्रा आणते. सासूबाई म्हणाल्या, "पैसे कायले घालवतं? येत्या दसऱ्याले झेंडू जास्त घेजो, आन् तुरटी रातभर मुरू देजो. तुले घाई फार."

तेव्हा झेंडूची फुलं फेकू नका. आणि तुरटी रात्रभर मुरू द्या!